सहीच्या पहिल्या आवृत्त्या : चित्रपुस्तकं जमवू पाहणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणीकरांसाठी

मुलांची चित्रपुस्तकं जमवायला निघालेली बहुतेक माणसं क्रमात चुकतात. आधी सही घेतात, मग पुरस्काराची चौकशी करतात आणि आवृत्तीचं पान सगळ्यांत शेवटी उघडतात. क्रम याच्या उलट हवा: आधी आवृत्ती, मग प्रतीची अवस्था, मग सही. सातव्या मुद्रणावरची सही आठवण म्हणून गोड असते, पण त्या प्रतीची पहिली आवृत्ती होत नाही. पहिल्या आवृत्तीची स्वच्छ प्रत घरात असली तर सहीसाठी चार वर्षं थांबता येतं.

काय जमवायचं ते ठरवा

'पुरस्कारप्राप्त' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. काही पुरस्कार एका विशिष्ट पुस्तकाला असतात, काही व्यक्तीच्या एकूण कामाला. अमेरिकेचं कॅल्डेकॉट पदक १९३८पासून एकेका पुस्तकाच्या चित्रकाराला दिलं जातं. ब्रिटनमध्ये १९५५ साली सुरू झालेलं केट ग्रीनवे पदकही तसंच. आता ते कार्नेगी नावाने, चित्रांसाठीचं पदक म्हणून दिलं जातं. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मात्र लेखकाला (१९५६पासून) किंवा चित्रकाराला (१९६६पासून) त्याच्या साऱ्या कामासाठी मिळतो. तिथे 'पुरस्काराचं पुस्तक' असं काही नसतंच, कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवायचं.

आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०पासून आहे, २४ भाषांमध्ये. म्हणजे दर वर्षी मराठीचा एक, कन्नडचा एक आणि कारवारकडच्यांना जवळचा असा कोकणीचाही एक. पण हा पुरस्कार बालसाहित्याचा आहे, चित्रपुस्तकाचा नव्हे. पुरस्कार मिळालेलं पुस्तक कविता किंवा कादंबरी असू शकतं, आणि त्यातल्या चित्रकाराचं नाव बातमीत येत नाही. चित्रकाराला वेगळा मान देणारे पुरस्कार आपल्याकडे थोडे. टाटा ट्रस्टच्या 'पराग'चा बिग लिटल बुक अवॉर्ड हा त्यातला महत्त्वाचा. २०१६च्या पहिल्याच वर्षी त्याची लेखनाची भाषा मराठी होती, आणि चित्रकारासाठी वेगळा पुरस्कार होता.

नवख्याने सुरुवातीला एकच धागा धरावा: एक पुरस्कार, एक प्रकाशक किंवा एक चित्रकार. सीमाभागातल्या माणसाला आणखी एक धागा सहज जमतो, तो म्हणजे एकाच चित्रपुस्तकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही पहिल्या आवृत्त्या. तुलिका, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची कितीतरी पुस्तकं दोन्ही भाषांत आहेत, आणि असा जोडसंग्रह करायला बेळगावइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आवृत्तीचं पान

शीर्षकपानाच्या मागे असतं ते पान. पातळ, पिना मारलेल्या पुस्तकात जागा वाचवण्यासाठी हा मजकूर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा थेट मलपृष्ठावर टाकलेला असतो, तेव्हा तिथेही बघा.

मराठीत 'आवृत्ती' आणि 'मुद्रण' हे शब्द सरमिसळ वापरले जातात. नुसतं पुन्हा छापलं तरी काही प्रकाशक 'दुसरी आवृत्ती' लिहितात, तर काही 'प्रथमावृत्ती'ची तारीख तशीच ठेवून खाली 'पुनर्मुद्रण' अशी ओळ जोडतात. म्हणून 'प्रथमावृत्ती' हा शब्द दिसला की तिथेच थांबू नका, त्याच्या खालच्या सगळ्या ओळी वाचा. सर्वांत अलीकडची तारीख ती तुमच्या हातातल्या प्रतीची. नॅशनल बुक ट्रस्टच्या पुस्तकांत इसवी सनाशेजारी शकही असतो. जुन्या मराठी पुस्तकांत तर नुसता 'गुढीपाडवा, शके १९०६' एवढाच मजकूर सापडेल. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९८४. मात्र तारीख जानेवारी ते मार्चमधली, पाडव्याच्या आधीची असेल तर ७९ मिळवायचे.

कन्नड प्रतींवर 'मोदल मुद्रण' किंवा 'प्रथम मुद्रण' म्हणजे पहिली छपाई, 'एरडने मुद्रण' म्हणजे दुसरी आणि 'मरुमुद्रण' म्हणजे पुनर्मुद्रण. कन्नड लिपी येत नसेल तर हे शब्द शेजारच्या शाळकरी मुलाकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती पाकिटात ठेवा.

अनुवादाचा घोळ वेगळा. मराठी प्रतीवर 'पहिली आवृत्ती २०१२' असेल आणि मूळ पुस्तक इंग्रजीत किंवा तमिळमध्ये २००९ला निघालं असेल, तर तुमच्याकडे आहे ती पहिली मराठी आवृत्ती. ती जमवण्यासारखी असतेच, फक्त नोंदीत तसं स्पष्ट लिहा.

पान फाटलंय किंवा तारीखच छापलेली नाही असं झालं, तर पुस्तकावरच्या इतर खुणा मदतीला येतात. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. प्रकाशकाच्या पत्त्यात 'पुणे ४११०३०' असेल तर प्रत त्यानंतरची, मग मुखपृष्ठावर काहीही सन असो. उलट 'पुणे ३०' असं असलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण जुनी सवय लोकांनी पुढेही चालू ठेवली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तेरा आकडी असेल तर प्रत साधारण २००७ किंवा नंतरची, कारण १ जानेवारी २००७पासून दहाचे तेरा आकडे झाले. त्याच्या जरा आधीच्या काही प्रतींवर दोन्ही क्रमांक सापडतात. किमतीपुढे ₹ हे चिन्ह दिसलं तर छपाई जुलै २०१०नंतरची. आणि दुकानाच्या इंग्रजी शिक्क्यात 'बेळगाव'ऐवजी 'बेळगावी' असेल तर तो शिक्का बहुधा नोव्हेंबर २०१४नंतरचा, म्हणजे प्रत निदान तोवर दुकानात पडून होती.

यातून एक फायदाही निघतो. छापील किमतीवर नव्या किमतीची पट्टी चिकटवलेली असली की नवखे लोक ती प्रत बाजूला ठेवतात. खरं तर ती पट्टी सांगते की हा जुना साठा आहे, म्हणजे पहिली छपाई असण्याची शक्यता जास्त. अशी पट्टी सोलू नका. खालचा लॅमिनेशनचा थर उचलला जातो आणि मुखपृष्ठावर पांढरा ओरखडा राहतो.

परदेशी पुस्तकं घ्यायची झाली तर

इंग्रजी पुस्तकांत आकड्यांची ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. त्यात सर्वांत लहान आकडा जो, ती त्या प्रतीची छपाई. १ असेल तर पहिली. ब्रिटिश पुस्तकांत हीच ओळ १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी मधून फुगलेली असते, गोंधळू नका. रँडम हाऊसच्या जुन्या पुस्तकांत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द असतील तर ओळ २पासून सुरू झाली तरी ती पहिलीच छपाई.

पदकाचा सोनेरी शिक्का हा नवख्यांचा सापळा आहे. कॅल्डेकॉट आधीच्या वर्षीच्या पुस्तकाला, साधारण जानेवारीच्या शेवटी जाहीर होतं. म्हणजे पहिली छपाई दुकानात येते तेव्हा पदकाचा पत्ताच नसतो. अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडॅकच्या १९६३च्या ज्या पुस्तकाला १९६४चं पदक मिळालं, त्याच्या पहिल्या छपाईच्या वेष्टनावर (पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणावर) पदक नाही आणि आतल्या घडीवर साडेतीन डॉलर किंमत आहे. वेष्टनातच पदक छापलेलं असेल तर छपाई नंतरचीच. चिकटवलेला गोल स्टिकर असेल तर मात्र आकड्यांची ओळ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका, कारण शिल्लक पहिल्या छपाईवरही दुकानदार स्टिकर लावतात. घडीचा कोपरा कापून किंमत काढलेली प्रत किंवा जिच्यावर किंमतच नाही अशी बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली) प्रत, दोन्ही कमी मोलाच्या.

परदेशातून मागवताना पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होतो आणि वर सीमाशुल्क लागू शकतं. पहिल्या वर्षी या वाटेला न गेलेलं बरं.

प्रती कुठे शोधायच्या

सर्वांत स्वस्त आणि खात्रीची वाट म्हणजे पुस्तक निघाल्या निघाल्या घेणं. बरीचशी मराठी चित्रपुस्तकं आजही शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतात. जे चित्रकार मनाला पटतात त्यांचं नवं पुस्तक आलं की दोन प्रती घ्या, एक मुलांच्या हातात द्यायला आणि एक ठेवायला. पुरस्कार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी पुस्तक आवडीचंच असतं.

पुरस्कार आधीच जाहीर झाला असेल तर मोठ्या शहरांतल्या दुकानांत जाऊ नका. तिथला साठा पटापट बदलतो, नवी छपाई लगेच येते. मराठी पुस्तक सावकाश खपतं, आणि जिथे आणखी सावकाश खपतं तिथे पहिली आवृत्ती टिकून असते. निपाणी, खानापूर, चिकोडीकडची स्टेशनरी-वह्यांबरोबर थोडी पुस्तकं ठेवणारी दुकानं आधी पालथी घाला. 'वरच्या फळीवर जुनं काही आहे का हो?' असं मालकांनाच विचारा. संगणकावर त्या साठ्याची नोंद नसते.

कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, सकाळची एसटी धरली तर संध्याकाळी परत येता येतं. पुण्याला जायचं तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांबरोबरच डिसेंबरातला पुणे पुस्तक महोत्सवही गाठा. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३पासून तो भरतोय, आणि प्रकाशकांच्या स्टॉलवर खालच्या खोक्यात जुना साठा असतो. तो मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.

रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर शाळेचा किंवा वाचनालयाचा शिक्का असतो. तिथे 'रद्द', 'निर्लेखित' असा दुसरा शिक्का आहे का ते बघा. नसेल तर ते पुस्तक बहुधा कुणीतरी परत न केलेलं आहे. आपल्या भागात १८४८ साली सुरू झालेलं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, गावोगावी छोटी वाचनालयं आहेत. त्यांचं पुस्तक सापडलं तर त्यांना कळवा, संग्रहात घालू नका. तशीही वाचनालयाची प्रत, खिसा चिकटवलेली आणि कणा टाचलेली, संग्राहकाच्या दृष्टीने तळाच्या दर्जाचीच.

सही कशी मिळवायची

इथे सीमाभागाची बाजू जड आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांतून हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात. महाराष्ट्रातून आलेले लेखक तिथे मांडवात, जेवणाच्या पंगतीत सहज भेटतात. अखिल भारतीय संमेलनातल्या गर्दीत जे बोलणं दोन मिनिटांत उरकावं लागतं ते इथे निवांत होतं. पाहुण्यांची नावं स्थानिक वर्तमानपत्रांत आधी येतात. ती वाचा आणि बालसाहित्यिक असेल तर आयोजकांना फोन करून ते किती वाजता पोचणार ते विचारा. भाषणानंतर गराडा पडतो, भाषणाआधी अर्धा तास बरा.

तीनपेक्षा जास्त प्रती पुढे करू नका. दहा प्रती घेऊन आलेला माणूस विकायला आलाय हे लेखकाला लगेच कळतं. पुस्तक सहीच्या पानावर उघडून, पेन टोपण काढून हातात द्या. 'सर, या पानावर सही आणि खाली गाव-तारीख लिहाल का?' एवढं पुरे. लेखिका असतील तर ताई किंवा मॅडम, जसा परिचय असेल तसं. स्वतःचं नाव घालून हवं असेल तर ते देवनागरीत चिठ्ठीवर लिहून दाखवा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न उरत नाही. नुसती सही असलेली प्रत पुढे विकायला सोपी, नाव घातलेली प्रत जपायला. गाव-तारीख दोन्हींत मोलाची, कारण लेखक त्या दिवशी तिथे होते हे निमंत्रणपत्रिकेशी ताडून पाहता येतं. चित्रकाराने सहीबरोबर लहानसं चित्र काढून दिलं तर ती प्रत सर्वांत वरच्या दर्जाची, पण ते मागायचं नसतं. समोर रांग असेल तर अजिबात नाही.

चित्रपुस्तकात चित्रकाराची सही लेखकाइतकीच महत्त्वाची, बऱ्याचदा जास्त. एक मिळाली म्हणून दुसऱ्यासाठी जागा न सोडता लेखकाला पानभर सही करू देऊ नका. पान दाखवताना वरचा अर्धा भाग सुचवा.

पेन आणि कागद यांची जोडी जमली नाही तर सगळं वाया. चित्रपुस्तकं बहुधा गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. त्यावर जेल पेनाची शाई पसरते आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी उमटते. बॉलपेन दाबून लिहिलं की मागच्या चित्रावर वळ उठतात. जाड मार्कर पातळ कागदातून आरपार जातो. पिगमेंट शाईचं ०.३ ते ०.५ मिलिमीटर टोकाचं काळं ड्रॉइंग पेन चांगलं, ते चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. तरी त्याच प्रकारच्या कागदावर, उदाहरणार्थ एखाद्या गुळगुळीत लग्नपत्रिकेवर, आधी ओढून बघा आणि पाच मिनिटांनी बोट फिरवा. शाई पुसली गेली तर वाळायला आणखी वेळ द्यावा लागेल. सही झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नका, मध्ये कोरा पातळ कागद घाला. सहीसाठी शीर्षकपान पहिल्या पसंतीचं, पण ते चकाकणारं असेल आणि आत साधं, न चकाकणारं पान असेल तर ते निवडा.

टपालाने सही घ्यायची तर आधी प्रकाशकामार्फत विचारा. होकाराशिवाय पुस्तक पाठवणं म्हणजे वयस्कर माणसाला पोस्टाच्या रांगेत उभं करणं. होकार आला तर पुस्तक दोन पुठ्ठ्यांत घाला, पुठ्ठे चारही बाजूंनी पुस्तकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठे, बाहेर प्लास्टिकची पिशवी. आत परतीचं तयार पाकीट, पत्त्यासह, आणि परतीचा खर्च आधीच पाठवलेला. जून ते सप्टेंबर या काळात पाठवू नका. हेही जमत नसेल तर कोऱ्या चिठ्ठीवर सही मागवून ती पुस्तकात सुटी ठेवता येते. तिचं मोल कमी, आणि ती चिकटवू तर मुळीच नका.

छापील सही ओळखा

चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतात. ती छापलेली असते, प्रत्येक प्रतीत सारखी. जुन्या पुस्तकाच्या जाहिरातीत 'चित्रकाराच्या सहीसह' असं लिहून कधी कधी हीच सही दाखवतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील रेषेत बारीक रंगीत ठिपके दिसतात, पेनाची रेष सलग असते आणि कडेला शाई किंचित जास्त साचलेली असते. उजेड तिरका पाडून पानाची मागची बाजूही बघा.

हाताने लिहिलेला क्रमांक ही निराळी गोष्ट. चेन्नईच्या तारा बुक्सची हाताने छापलेली पुस्तकं अशी असतात. त्यांचं गोंड चित्रकारांचं झाडांवरचं पुस्तक, ज्याला २००८ साली इटलीतल्या बोलोन्या बालपुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला, त्याच्या प्रतींवर असा क्रमांक घातलेला आहे. क्रमांक लहान म्हणजे पहिली आवृत्ती असं मात्र नाही. प्रत्येक आवृत्तीचे क्रमांक नव्याने सुरू होतात, तेव्हा शेजारचा आवृत्तीचा आकडा वाचा.

पावसाळा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पुस्तकाचा पहिला शत्रू बुरशी, अथणीकडे धूळ आणि उन्हाने वाळून तडकणारा डिंक. दोन्हीकडे एकच सल्ला चालत नाही.

घाटाकडच्यांनी आधी काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा. कपाटात ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६५च्या वर काही दिवस राहिलं की बुरशी धरते आणि पिनांच्या बांधणीतल्या पिना गंजतात. गंज कागदात उतरला की तो तपकिरी डाग निघत नाही. झाकण घट्ट बसणाऱ्या तीसेक लिटरच्या डब्यात पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक आठ-दहापेक्षा जास्त नकोत. कापडी पुरचुंडीत दोनशे ग्रॅम सिलिका जेल घाला आणि मापक आत ठेवून आकडा बघत जा. ४०च्या खाली गेला तर जेल कमी करा, नाहीतर मुखपृष्ठं वळतात. नारिंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळं-गुलाबी होणारं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं.

कपाट लोखंडी बरं, पश्चिमेच्या भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच. लाकडी कपाटाला वाळवी लागते. डांबराच्या गोळ्या पुस्तकांत नकोत. वास वर्षानुवर्षं जात नाही, आणि त्यांनी बुरशी थांबतही नाही. कसरीला अंधार आणि धूळ आवडते, म्हणून दर दोन महिन्यांनी पुस्तकं काढून कोरड्या मऊ ब्रशने झटका. शाळेच्या पुस्तकांना घालतात ते मऊ पीव्हीसी कव्हर लावू नका. उन्हाळ्यात ते मुखपृष्ठाला चिकटतं आणि ओढलं की रंग घेऊन येतं. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं महाग पण योग्य, तोवर पॉलिप्रॉपिलीनची फाइलची पाकिटं चालतील. सेलोटेप कुठल्याही कारणाने नको.

आर्ट पेपर भिजला तर वेळ फार थोडा असतो. त्यावरचा गुळगुळीत थर ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि तसंच वाळलं तर पुस्तकाची वीट होते, ती पुन्हा सुटत नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरासारखी वेळ आली, तर ओली पुस्तकं उन्हात टाकू नका. दोन-तीन पुस्तकं असतील तर ओली असतानाच दर पानात कोरा टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद तासातासाने बदला. जास्त असतील तर प्रत्येक पुस्तक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे ते आहे त्या अवस्थेत थांबतं, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतं.

नोंद

पुस्तकावर काही लिहू नका, पेन्सिलीनेसुद्धा. वेगळ्या वहीत प्रत्येक प्रतीची एक ओळ: नाव, लेखक, चित्रकार, आवृत्तीच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा, कुठून आणि कितीला घेतली, सही कुठे व केव्हा, आधीपासूनचे दोष. बिल आणि संमेलनाची निमंत्रणपत्रिका वेगळ्या पाकिटात, त्यावर वहीतला क्रमांक. सहीच्या पानाचा आणि आवृत्तीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रत विकायची झाली तर घेणारा आधी हेच दोन फोटो मागतो.